अंधारात गाडीवर उजेड ओढायचा तर आधी पत्र्यात काय दिसतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीजवळच्या एका तरुण मित्राकडे जुना क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, १८-५५ ची किट लेन्स आणि बऱ्यापैकी ट्रायपॉड आहे. दोस्ताची काळी स्कॉर्पिओ घेऊन ते रात्री शेतात गेले, शटर ३० सेकंद उघडं ठेवलं आणि मोबाइलच्या टॉर्चने गाडीभोवती फेऱ्या मारल्या, म्हणजे ज्याला लाइट पेंटिंग म्हणतात ते करून बघितलं. फोटोत आले ते पांढरे ठिपके, गुंतलेल्या रेघा आणि पॉलिशचे गोल गोल ओरखडे. चूक सेटिंगची की लाइटची, लाइट कोणता घ्यावा, मोबाइलवर हे जमतं का, आणखी काय शिकण्यासारखं आहे आणि गावातला जुन्या गाड्यांचा डीलर काम देऊ म्हणतोय तर त्याला असे फोटो द्यावेत का, असं त्यांनी विचारलंय.

सेटिंग तुमची ठीक होती. टॉर्चचीही तशी चूक नाही, टॉर्चने तिचं काम इमानदारीने केलं. तुम्ही काळ्या आरशासमोर एक बारीकसा दिवा फिरवलात आणि आरशाने तो बारीक दिवाच दाखवला. इथूनच सगळं सुरू होतं, म्हणून आधी यावरच बोलतो. बाकीचं नंतर.

गाडीच्या रंगावर जो क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चकचकीत थर असतो, तो सरळ समोरून आलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्केच परत पाठवतो. कोन तिरपा होत गेला की हे प्रमाण वाढतं. उरलेला प्रकाश आत जातो आणि खाली रंग काळा असेल तर तो तिथेच गिळला जातो. म्हणजे काळ्या दारावर तुम्ही कितीही ताकदीची बॅटरी मारा, दार उजळणार नाही. दारात दिसणारा बॅटरीचा ठिपका तेवढा जास्त पांढरा होईल. पांढऱ्या गाडीचं वेगळं असतं, तिथे खालचा रंगच प्रकाश चहूकडे पसरवून परत देतो, त्यामुळे टॉर्चनेही काहीतरी बरं येतं आणि माणसाला वाटतं आपल्याला जमलं. तुम्ही काळ्यापासून सुरुवात केली हे एका अर्थी बरंच झालं, काळी गाडी फसवत नाही.

तेव्हा गाडी उजळायची हा विचार डोक्यातून काढा. गाडीत कशाचं प्रतिबिंब पडू द्यायचं, त्याचा आकार कसा आणि ते कुठून कुठपर्यंत जाऊ द्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं. मोटारींच्या मोठ्या स्टुडिओत छताला गाडीपेक्षाही लांब सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेडाची पेटी, टांगलेला असतो, तो याचसाठी. आपल्याकडे तेवढा सॉफ्टबॉक्स नाही, पण अंधार फुकट आहे आणि शटर उघडं ठेवता येतं. चार फुटांची उजेडाची पट्टी घेऊन माणूस गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला की कॅमेऱ्याच्या दृष्टीने तिथे पंधरा फुटी सॉफ्टबॉक्स होता.

एक फरक इथेच लक्षात घ्या. १९४९ साली ज्यॉन मिली या छायाचित्रकाराने फ्रान्समध्ये पिकासोच्या हातात छोटा दिवा देऊन अंधारात हवेत चित्रं काढून घेतली होती. ते फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यात दिवा कॅमेऱ्याकडे तोंड करून असतो आणि दिव्याची वाटच चित्र होते. गाडीच्या कामात बरोबर उलटं असतं. दिवा कॅमेऱ्याला दिसता कामा नये, त्याचं प्रतिबिंब दिसायला हवं. नेटवर लाइट पेंटिंग म्हणून या दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली येतात आणि नवीन माणूस गडबडतो.

आता गाडी बाजूला ठेवा आणि स्वयंपाकघरातून स्टीलचा तांब्या आणा. रात्री खोलीतले दिवे बंद करा, तांब्या टेबलावर ठेवा, खुर्चीत बसून एक डोळा मिटा आणि डोकं हलवू नका. तुमचा उघडा डोळा म्हणजे कॅमेरा. पहिल्यांदा मोबाइलची टॉर्च फिरवा. तांब्यावर एक टोकदार ठिणगी पळताना दिसेल. मग टॉर्चच्या पुढे हातभर अंतरावर बटर पेपर धरा, ठिणगीच्या जागी मऊ चौकोन येईल. मग छोटी एलईडी ट्यूब किंवा पट्टी आडवी धरून वर-खाली करा आणि नीट बघा. तांब्याच्या काठावर आणि गळ्यापाशी, जिथे वळण आवळलेलं आहे, तिथे उजेडाची रेघ केसासारखी बारीक दिसते आणि तुम्ही हात कितीही हलवला तरी ती जागची फारशी हलत नाही. पोटावर, जिथे वळण सैल आहे, तिथे तीच रेघ रुंद होते आणि हाताबरोबर भराभर पळते.

गाडीचंही हेच आहे. दारावरच्या धारेला, बोनेटच्या कडेला, फेंडरच्या फुगवट्याला उजेड कुठूनही सापडतो. सपाट दाराला मात्र तो नेमक्या एकाच जागेवरून सापडतो, तिथून वीतभर सरकलात की दार काळं. म्हणून नवशिक्यांच्या फोटोत कडा चमकतात आणि मधले पत्रे मेलेले असतात. तांब्याशी दोन-तीन संध्याकाळी खेळा, मग बुलेटची टाकी घ्या, मग गाडी. टाकीवर वर सपाटी, बाजूला फुगवटा आणि क्रोमची पट्टी असं सगळं हातभर जागेत मिळतं, त्यामुळे सरावाला ती गाडीपेक्षा भारी.

लाइटबद्दल. ऑनलाइन मिळणाऱ्या महागड्या वँड, म्हणजे उजेडाच्या कांड्या, सोडा, किमान आत्ता तरी. इलेक्ट्रिकच्या दुकानातून १२ व्होल्टची एलईडी स्ट्रिप, ती बसवायला चार फुटी ॲल्युमिनियमचा चॅनेल आणि त्यावरचं दुधी कव्हर घ्या. फॉल्स सीलिंगचं काम करणारे हेच वापरतात, तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतं. करंटसाठी फवारणीच्या बॅटरी पंपातली बॅटरी काढा. बहुतेक पंपांत १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची असते आणि चार फुटांची नेहमीची स्ट्रिप दीड अँपिअरच्या आसपास खाते, म्हणजे तुमची संध्याकाळ आरामात निघते. वायरमध्ये एक छोटा फ्यूज टाका. लेड ॲसिडची बॅटरी शॉर्ट झाली तर वायर विस्तवासारखी लाल होते आणि ती तुमच्या हातात असते. बॅटरी पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा, पट्टी हातात.

स्ट्रिप शक्यतो सीओबी प्रकारची मागा, म्हणजे जिच्यात सुटे सुटे ठिपके दिसत नाहीत ती. का ते सांगतो. पट्टी उभी धरून तुम्ही गाडीच्या लांबीने चालता तेव्हा प्रत्येक एलईडी पत्र्यावर आपली स्वतंत्र आडवी रेघ ओढतो आणि दारावर कंगवा फिरवल्यासारखं दिसतं. दुधी कव्हर स्ट्रिपपासून थोडं लांब असेल तर हे कमी होतं, स्ट्रिपला चिकटलेलं असेल तर नाही. स्वस्तातला डिमर लावू नका, पट्टी वेगाने फिरवली की त्याचा उजेड तुटक तुटक येतो. उजेड कमी हवा असेल तर बटर पेपरचा आणखी एक थर द्या. पट्टीच्या दोन्ही टोकांना मात्र दोन-तीन थर गुंडाळाच, टोकाकडे उजेड विरत गेला की पत्र्यावरचा पट्टाही विरत जातो आणि चाकूने कापल्यासारखी कड येत नाही. एवढ्या एका गोष्टीने फोटो घरगुती वाटायचा थांबतो. चॅनेलच्या पाठीला आणि बाजूंना काळा टेप.

कॅमेऱ्याचं पटकन उरकतो, कारण हा भाग जगभर सारखाच आहे. आयएसओ १००, अपर्चर एफ/८, शटर २० ते ३० सेकंद, रॉ फाइल (जेपीजी न करता कॅमेऱ्याने ठेवलेला कच्चा फोटो), व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून एका केल्विन आकड्यावर कायम. एफ/१६ वर जाऊ नका, फोटो मऊ पडतो आणि सेन्सरवरचा धुळीचा कण न् कण दिसतो, आपल्याकडे धुळीला तोटा नाही. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. दोस्ताला अलॉय चाकावर टॉर्च मारायला सांगून फोकस घ्या, मग स्विच मॅन्युअलवर टाका आणि रिंगला टेप लावा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, वाऱ्यात तो फडफडतो. काळ्या मातीत ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात, पायांखाली फरशीचे तुकडे किंवा फळ्या ठेवा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाची सोय बंद करा, नाहीतर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडकून बसतो. मे महिन्यात सेन्सर तापलेला असतो आणि लाल-निळे ठिपके जास्त येतात. त्यासाठी लेन्सला टोपण लावून तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम शेवटी घ्या, ती नंतर वजा करता येते.

लेन्स १८ वर ठेवून गाडीला खेटू नका, स्कॉर्पिओचं तोंड वांग्यासारखं फुगतं. ३५ च्या आसपास झूम करा, आठ-दहा मीटर मागे जा आणि कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आणा. पुढची चाकं थोडी वळवा, कॅमेऱ्याला अलॉय दिसला पाहिजे, टायरची नक्षी नको.

आता मुख्य काम, चालणं. पट्टी उभी धरून गाडीच्या लांबीने चाललात तर पत्र्यावर रुंद पट्टा पडतो. आडवी धरून, एकाच उंचीवर ठेवून चाललात तर बारीक धारदार रेघ पडते. या दोनच चालींवर नव्वद टक्के काम होतं. दाराला रुंद पट्टा, छताच्या आणि खांद्याच्या धारेला बारीक रेघ, असं ठरवून घ्या.

उभं कुठे राहायचं हा प्रश्न अवघड वाटतो, पण एक नियम पाठ करा. प्रकाश जितक्या कोनात पत्र्यावर येतो तितक्याच कोनात पलीकडे जातो. तुमचा कॅमेरा गाडीच्या पुढच्या कोपऱ्याकडून बघत असेल तर दाराला उजेड देणारी जागा दारासमोर नसते. ती मागच्या चाकाच्या दिशेने, गाडीपासून बरीच लांब असते. जवळपास सगळे नवे लोक दारासमोर उभे राहून पट्टी फिरवतात आणि दार काळंच राहिलं म्हणून लाइट बदलतात. बोनेटचंही तसंच, खालून बघणाऱ्या कॅमेऱ्याला बोनेटमध्ये गाडीच्या मागचं आणि वरचं दिसत असतं. पट्टी लांब बांबूला बांधा आणि गाडीच्या मागे उभं राहून छताच्या वर धरा, बोनेट आपोआप भरतं. फोटो काढण्याआधी एकाने व्ह्यूफाइंडरला डोळा लावावा, दुसऱ्याने पट्टी चालू करून सावकाश सरकावं आणि फोनवर बोलत जावं: “थोडं मागं, अजून, हां, दार भरलं, आता इथून हँडलपर्यंत ये.” जिथे उजेड सापडला तिथे मातीत काडी रोवा.

चालताना पट्टी पावलागणिक वर-खाली होते आणि पत्र्यावर रेघेला लाटा येतात. बांधकामावर गवंडी लावतात तशी सुतळी दोन काठ्यांना ताणून बांधा आणि पट्टीचं खालचं टोक सुतळीला लागून न्या. गुडघे थोडे वाकवलेले ठेवा. एक फेरी आठ ते दहा सेकंदांत, वेग एकसारखा. जिथे थबकलात तिथे ठिगळ पडणार. पट्टी गाडीच्या टोकाच्या अलीकडेच सुरू करा आणि टोकाच्या पलीकडे नेऊन बंद करा. उजेड जास्त वाटला तर भरभर चाला, कमी वाटला तर हळू. कपडे काळे, पूर्ण बाह्यांचे, हातातलं घड्याळ काढून ठेवा. तुम्ही फ्रेमच्या मधून गेलात तरी दिसणार नाही, फक्त अंगावर उजेड पडू देऊ नका.

सगळं एकाच फ्रेममध्ये बसवायचा हट्ट काही लोक धरतात. मी म्हणेन सुरुवातीला महिनाभर तसंच करा, हात बसतो आणि आपण कुठे चुकतो ते झटकन कळतं. पण कोणाला द्यायचा फोटो असेल तर वेगवेगळ्या फ्रेम घ्या. एकीत फक्त दारं, एकीत छताची धार, एकीत बोनेट, एकीत ग्रिल, चाकांची वेगळी, गाडीच्या आतली वेगळी, जमिनीची वेगळी. पार्किंग लाइटची फ्रेम सेकंदभराचीच पुरते, हेडलाइट तर त्याहून कमी, नाहीतर तिथे पांढरा गोळा होतो. मग फोटोशॉपमध्ये किंवा फुकटच्या जिंपमध्ये एकावर एक थर ठेवून मोड लायटनवर टाका. हा मोड दोन थरांतला जो बिंदू उजळ असेल तो ठेवतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेममधला उजेडाचा भाग आपोआप वर येतो आणि काळं मागे राहतं. कुठे तुमचा बूट चमकला असेल, पट्टीचं टोक डोकावलं असेल तर त्या थरावर मास्क (तेवढाच भाग झाकणारा पडदा) टाकून पुसा. सगळे थर शंभर टक्के ठेवले तर गाडी प्लॅस्टिकची दिसते. दोन-तीन थरांचा टक्का खाली उतरवा, अंधार थोडा राहू द्या.

रंगाप्रमाणे वागणं बदलतं. मेटॅलिक चंदेरी रंगात बारीक कण असतात, ते उजेड थोडा पसरवतात, म्हणून चंदेरी गाडी नवख्याला सर्वांत सोपी. लाल गाडीत साधा हिस्टोग्राम (फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा आलेख) ठीक दिसतो आणि लाल रंगाचा चॅनेल केव्हाच फुटलेला, म्हणजे तपशील हरवलेला असतो, तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघायची सवय लावा. पांढऱ्या गाड्या आपल्याकडे सगळ्यात जास्त, आणि त्यांच्यात धारा हरवतात. तिथे उजेड कमी करून एका बाजूनेच द्यायचा, दुसरी बाजू काळोखात जाऊ द्यायची.

गाडी धुतलेली हवी हे सांगायची गरज नाही, पण धुऊन कच्च्या रस्त्याने शेतात नेली की पुन्हा तेच. सोबत दोन मायक्रोफायबर कापड आणि फवाऱ्याची बाटली ठेवा, जागेवर पोचल्यावर पुसा आणि मगच कॅमेरा लावा. कोरडं कापड धुळीवर घासलंत तर नवे ओरखडे तुमच्या नावावर. जुने गोल ओरखडे तुम्हाला दिसले ते टॉर्चमुळे, रुंद पट्टीच्या उजेडात त्यातले बरेचसे लपतात. डिकीवरचं स्वस्तिक, आरशाला बांधलेलं लिंबू-मिरची, मागच्या काचेवरचं नाव, यांना हात लावण्याआधी मालकाला विचारा. रस्ता ओला केला की प्रतिबिंब सुरेख येतं म्हणून लोक टँकर ओततात. मराठवाड्यात उन्हाळ्यात असल्या कामाला पाणी ओतायचं नाही, एवढी लाज आपण बाळगू. जूनमधला पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर डांबर रात्रभर ओलं असतं, तेव्हा जा.

जागा निवडताना अंधारापेक्षा मागे काय आहे ते जास्त बघा. जालन्याच्या बाजूला पोलाद कारखान्यांचा तांबूस उजेड आभाळात असतो, तो फोटोत आपोआप येतो आणि छान दिसतो. धाराशिव-बीडच्या माळांवर पवनचक्क्यांचे लाल दिवे असतात, ३० सेकंदांत पाती पुसून जातात आणि लाल ठिपके राहतात. कापसाचा हंगाम सरल्यावर जिनिंगची आवारं रिकामी असतात. पक्की जमीन, उंच भिंत आणि गेटवर वॉचमन, सरावाला यापेक्षा चांगली जागा नाही, मालकाशी बोलून घ्या. समृद्धी महामार्गावर गाडी थांबवून फोटो काढणारे दिसतात, ते करू नका. तिथे थांबायला मनाई आहे आणि ताशी १२० ने येणाऱ्याला काळे कपडे घालून काळ्या गाडीशेजारी उभा माणूस दिसत नाही. दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा यांच्या आवारात ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. लांबून, रस्त्याच्या बाजूच्या खाजगी जागेतून दौलताबादचा डोंगर मागे घेता येतो, तेवढं पुरे.

आणि एक गोष्ट शहरातला माणूस सांगणार नाही. रात्री शिवारात दिवे फिरताना दिसले की गावाला चोर आठवतात. पाच मिनिटांत काठ्या घेऊन पंधरा माणसं येतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. ज्याच्या शेतात जाणार त्याला दिवसा भेटा, पोलीस पाटलांना फोन करून वेळ सांगा, सोबत त्याच गावातला एक पोरगा ठेवा. तो पोरगा लगेच पट्टी धरायलाही तयार होतो. पायात बूट घाला, सापाचं सांगायला नको, आणि काही भागांत बिबट्याचा वावर आहे तिथे दोघांनीच जाऊ नका.

आणखी काय शिकावं? पहिलं म्हणजे संधिप्रकाश. आपल्या अक्षांशावर सूर्य मावळल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांनी आभाळ गडद निळं होतं आणि पाऊण तासात बहुतेक काळं. ट्रायपॉड आधीच रोवून ठेवा, निळ्या वेळी आभाळाची आणि शिवाराची फ्रेम घ्या, कॅमेऱ्याला धक्का न लावता बसून राहा, अंधार पडला की पट्टीच्या फ्रेम घ्या. पहिली फ्रेम सगळ्यात खाली ठेवली की गाडी काळ्या खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसत नाही. पौर्णिमेवर विसंबू नका. चांदणं डोळ्याला कितीही पडलेलं दिसलं तरी आयएसओ १००, एफ/८, ३० सेकंदांत ते जवळपास काळंच येतं, चांदणं हवं असेल तर बल्ब मोडवर (शटर आपण बंद करेपर्यंत उघडं राहतं तो) काही मिनिटांची वेगळी फ्रेम घ्यावी लागते.

दुसरं, दिवसाच्या कामासाठी पोलरायझर, लेन्सपुढे लावून फिरवायचा फिल्टर. काचेवरचं आणि रंगावरचं प्रतिबिंब तो कापतो, सगळ्यात जास्त साधारण ५६ अंशांच्या कोनावर. शिवाय काच आणि दार वेगवेगळ्या बाजूंना कललेले असतात, म्हणून एकाच फिरकीत समोरची काच आणि दार दोन्ही साफ होत नाहीत. काचेसाठी एक आणि दारासाठी एक अशा दोन फ्रेम घेऊन जोडा. रात्रीच्या कामात तो काढून ठेवा, तिथे प्रतिबिंबच आपलं भांडवल आहे.

तिसरं, रिग शॉट. सक्शन कपने गाडीला लांब दांडी बसवायची, टोकाला कॅमेरा, आणि गाडी ढकलत असताना सेकंद-दोन सेकंदांचं शटर. गाडी स्थिर दिसते आणि रस्ता वाहतो. बघणाऱ्याला वाटतं गाडी शंभरने चाललीय, प्रत्यक्षात चार मित्र तिला ढकलत असतात. इंजिन बंद ठेवतात कारण थरथर फोटोत येते. पण इंजिन बंद असलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांत संपते, म्हणून सपाट जागा, किल्ली चालूवर म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही, आणि हँडब्रेकवर हात असलेला माणूस आत. दुपारी करायचं असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लागतोच. हे तुम्ही वर्षभराने करा. आत्ता त्याऐवजी पॅनिंग, म्हणजे चालत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेणं शिका, १/६० पासून सुरू करून १/३० पर्यंत खाली या, दोस्ताला ४० च्या वेगाने समोरून जायला सांगा. खर्च शून्य.

स्टील वूल पेटवून ठिणग्यांची चक्रं काढायची टूम अजून चालू आहे. गाडीजवळ तर अजिबात नको, ठिणगी क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडते. आणि शेतात ज्वारीची धसकटं किंवा वाळलेली पऱ्हाटी असेल तर ते नुकसान फोटोच्या पैशात भरून येत नाही.

मोबाइलवर जमतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोडमध्ये शटर १० ते ३० सेकंदांपर्यंत नेता येतं, रॉ असेल तर ते चालू करा आणि फोन ट्रायपॉडवर घट्ट बांधा, शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा. नाइट मोड वापरू नका. तो अनेक छोट्या फ्रेम जुळवून हलणारा उजेड स्वतःच्या अकलेने दुरुस्त करतो, आणि आपल्याला तर हलणारा उजेडच हवा असतो. तुमच्याकडे कॅमेरा आहे, तेव्हा फोन सरावाला आणि तांब्याला ठेवा.

राहिला डीलर. त्याला लाइट पेंटिंग विकू नका. दहा गाड्या एका संध्याकाळी हव्यात म्हणेल आणि इथे एका गाडीला धुण्यापासून शेवटच्या थरापर्यंत अख्खी रात्र जाते. शिवाय जुनी गाडी घेणाऱ्याला डेंट कुठे आहे, रंग मारलाय का, टायर किती उरलेत ते बघायचं असतं. रुंद उजेड ओरखडे लपवतो हे वर सांगितलंच, मग घेणारा गाडी बघायला आला की भांडण तुमच्या फोटोवरून होतं. त्याच्यासाठी सूर्य मावळल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, मोकळ्या जागेत, पाठीमागे साधी भिंत घेऊन सगळ्या गाड्या एकाच कोनातून काढा. ट्रायपॉडची जागा आणि गाडीच्या चाकाची जागा चुन्याने आखून ठेवा म्हणजे एकामागून एक गाड्या लावता येतात. आभाळच तेव्हा सॉफ्टबॉक्स असतं. फाटकावर लावायला किंवा दसऱ्याच्या जाहिरातीला एखाद्या गाडीचा मोठा फोटो हवा असेल, तर त्या एका गाडीसाठी पट्टी बाहेर काढा आणि तिचे पैसे वेगळे सांगा, आधीच.